पत्रिकेच्या मागचं माप

माझ्या बायकोने एकदा माझी माफी मागितली आणि मी मोठ्या मनाने तिला माफ केलं. चूक माझी होती. तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच मला ते कळलं होतं. तरी मी "जाऊ दे, होते असं" म्हणालो, आणि नंतर तिने करून आणलेला चहाही प्यालो.

या गोष्टीला तीन उन्हाळे झाले. आज घरात सगळं छान चाललं आहे. तिच्या टेबलाखाली कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये जो मदरबोर्ड आहे तो तिनेच निवडला, तिनेच बसवला. मी फक्त टॉर्च धरून उभा होतो, आणि टॉर्च नीट धरत नाही म्हणून बोलणीही खाल्ली. तेव्हा आता हे लिहायला हरकत नाही. पण लिहायचं तर सुरुवात त्या चहापासून करणं भाग आहे, नाहीतर मी पुन्हा स्वतःला जरा बरा दाखवीन.

आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. मी बाहेरचा माणूस. कॅमेरे, लाइट आणि ड्रोन घेऊन नागपुरातली मंगल कार्यालयं आणि लॉन पालथी घालायची, कधी काटोल, कधी कळमेश्वर. बायको एडिटिंग करते. मी आणलेल्या सात-आठ तासांच्या ढिगातून ती अर्ध्या तासाची फिल्म काढते. लोक मला ओळखतात. "ओ शूटिंगवाले भाऊ, मामाजींचा एक घ्या ना!" तिला कोणी ओळखत नाही. ती मात्र सगळ्यांना ओळखते. एकदा बर्डीच्या बाजारात पाणीपुरी खाताना ती एका मुलीकडे पाहून ओळखीचं हसली. ती मुलगी गोंधळली आणि पर्स पोटाशी धरून बाजूला सरकली.

"कोण होती वं?" मी विचारलं.

"फेब्रुवारीतली नवरी नाही का! हार घालतानी जिले शिंक आली होती. किती मेहनतीनं काढली मी ती शिंक, अन् पोरगी पर्स लपवून राहिली."

एडिटिंग शिकायच्या आधी ती घरी ब्लाऊज शिवायची. शिवणकाम सुटलं, पण सवयी राहिल्या. माप घेतल्याशिवाय ती कशालाच हात लावत नाही. आमच्याकडे स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा आहे. लग्नाहून आलो की कॅमेऱ्यांतली कार्डं मी खालच्या कप्प्यात टाकायची. दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्या की ती ते कार्ड वरच्या कप्प्यात ठेवणार, आणि मी फक्त वरच्या कप्प्यातली कार्डं पुढच्या लग्नाला न्यायची. एक कॉपी झाली असेल तर ती म्हणायची, "हा कच्चा टाका आहे. याच्या भरोशावर घालून निघाल का?"

तीन वर्षांपूर्वी जुना कॉम्प्युटर चार कॅमेऱ्यांचं चित्रीकरण एकदम उघडताना धापा टाकायला लागला, तेव्हा नवा जोडायचं ठरलं. प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक कार्ड कोणतं, यावर आमचं लगेच जमलं. राहिला मदरबोर्ड, म्हणजे ज्या पाटीला बाकी सगळं जोडलं जातं ती. वरच्या दर्जाच्या बोर्डांमध्ये वेगाचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो किती वस्तू जोडता येतात आणि त्या जोडल्यावर एकमेकींची वाट अडवतात की नाही याचा. किंमत मात्र दुप्पट होऊ शकते.

तिने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे माप लिहिलं. ते असं होतं: पाठ १०, पुढा ३, पोटात डिस्क ४, चिपा ३. चिपा म्हणजे थेट बोर्डावरच्या खाचांत बसणाऱ्या, बोटाएवढ्या वेगवान डिस्का; पुढा म्हणजे कॅबिनेटची समोरची बाजू आणि पाठ म्हणजे मागची. तिथे कीबोर्ड, माऊस, रंग दुरुस्तीची पेनची पाटी, दोन कार्ड रीडर, दोन बाहेरच्या डिस्का, आवाजाचा डबा आणि प्रिंटर, असे नऊ पोर्ट लागणार होते. "आणि दहावा?" मी विचारलं.

"माया," ती म्हणाली. ब्लाऊज पुढे कधी सैल करावा लागला तर उसवता यावा म्हणून शिवणीत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. त्याखाली तिने तिच्या पसंतीच्या बोर्डाचं नाव लिहिलं आणि पत्रिका माझ्या खिशात घातली. "हाच आणजा. नाही भेटला तर मले फोन करजा. मनानं नोको आणजा."

बर्डीवरच्या त्या दुकानदाराला मी बरीच वर्षं ओळखतो. त्याने काउंटरवर तीन खोके मांडले: बेचाळीस हजारांचा, एकतीसचा आणि चोवीसचा. बेचाळीसचा तिने लिहिलेला होता.

"भाऊ, हा हाथी आहे," तो त्या खोक्यावर थाप मारून म्हणाला. "दहा गिगाबिटची लॅन आहे याच्यात. तुमच्या घरी नेट कितीचं?"

"शंभरचं."

"मंग? बैलगाडीच्या रस्त्यावर विमान उतरवता का?"

तो चुकीचं बोलत नव्हता. त्या बोर्डात दहा गिगाबिटची लॅन होती, अतिवेगवान टाइप-सी पोर्ट होते आणि त्या वेगाने धावू शकेल असं एकही यंत्र आमच्या घरात नव्हतं. प्रोसेसर ताणून पळवायची बटणं होती आणि सणासारखी रोषणाई होती. हे सगळं आम्हाला नको होतं. पण आम्हाला हवे असलेले दहा पोर्टही त्याच खोक्यात होते, आणि ते सुटे कोणी विकत नाही. महाग बोर्ड घेताना ही अडचण नेहमीच येते. हवं ते आणि नको ते एकाच किमतीत बांधलेलं असतं, आणि आपण त्यातलं नको तेवढं दाखवून नाही म्हणू शकतो.

मधला बोर्ड मात्र तसा नव्हता. लॅन साधी, दिवे नाहीत, पण पाठीला मोजून दहा पोर्ट, पोटात चार डिस्का, तीन चिपा, आणि कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. तिच्या मापाचा ब्लाऊज जणू कोणी आधीच शिवून ठेवला होता. चोवीसच्या बोर्डाला पाठीवर सात पोर्ट होते. शिवाय दुकानदाराने स्वतः त्याचं माहितीपुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. "हे वाचा भाऊ, मंग म्हणान सांगतलं नाही. तिसऱ्या खाचेत चिप बसवली का हार्ड डिस्कचा शेवटचा पोर्ट बंद होते."

मी वाचलं. बारीक अक्षरात होतं, पण स्पष्ट होतं.

आता खरी गोष्ट. त्या दुकानाच्या दोन दारं पुढे एका ओळखीच्या फोटोग्राफरने आपली वापरलेली लेन्स विकायला ठेवली होती. अंधुक हॉलमध्येही चेहरा उजळ घेणारी. ती मी महिनाभर काचेतून पाहत होतो. चोवीसचा बोर्ड घेतला तर ती आजच घरी येत होती, एकतीसचा घेतला तर नाही. फोन माझ्या हातात होता. मी तो केला नाही, कारण ती "मधला घ्या" म्हणाली असती आणि तिचं बरोबर असतं. तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नव्हता, म्हणून मी खोटं बोलायचं ठरवलं.

घरी येऊन म्हणालो, "तो बोर्ड मार्केटमध्ये आलाच नाही. तीन दुकानं पाहिली. हाच सगळ्यात बरा होता."

तिने बोर्डाच्या पाठीवरून बोट फिरवत मोजलं. "सात. पाठीत घट्ट होईन हा." मग माझ्या हातातल्या लेन्सकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "जाऊ द्या. तुमची लेन्स तर झाली. केव्हाचे मन मारून राहिले होते."

मी ती पत्रिका माहितीपुस्तकात घातली, पुस्तक खोक्यात घातलं आणि खोका कपाटावर ठेवला, तिचा हात पोचणार नाही इतका मागे.

कमी पडलेल्या पोर्टांसाठी एक हब आणला, एका पोर्टाचे चार करणारा. त्याच्यावर दोन डिस्का एकदम चालवल्या की तो मध्येच एक सोडून द्यायचा. कॉपी अर्धवट राहायची. मग तिने आधी एका डिस्कवर कॉपी करायची आणि सवड मिळाली की दुसरीवर, असं सुरू केलं. त्यामुळे डब्याचा खालचा कप्पा भरलेला राहायला लागला, वरचा रिकामा. आणि मला तर दुसऱ्या दिवशी लग्न असायचं. मी खालच्या कप्प्यातली कार्डं उचलायला लागलो.

"अजून कच्चाच टाका आहे त्याच्यावर," ती म्हणायची.

"सीझन आहे वं," मी म्हणायचो.

एप्रिलमध्ये तिने यावर उपाय काढला. दुसऱ्या कॉप्या कॅबिनेटच्या आतच करता याव्यात म्हणून एक नवी चिप मागवली. बसवायची कशी ते तिने पाहून घेतलं, आणि एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत कुलरसमोर लोळत असताना स्वतः कॅबिनेट उघडलं. शिलाई मशीन ती कायम स्वतः खोलून दुरुस्त करायची, त्यामुळे तिला भीती नव्हती. आतून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"अहो," तिने हाक मारली. "या जरा इकडे."

ती फरशीवर बसली होती, हातात पेचकस. स्क्रीनवर नवी चिप दिसत होती, पण शेवटची हार्ड डिस्क दिसत नव्हती. त्या डिस्कवर काटोलचं लग्न होतं. पाठवणीच्या वेळी नवरीचे वडील आधी पाहुण्यांना ओरडत होते, की गाडीत बसा, उशीर होते, आणि एकाएकी मंडपाच्या खांबाला धरून रडायला लागले होते. ते पुन्हा कोणाला घेता येणार नव्हतं. त्याची ती एकच कॉपी होती, आणि कार्डं मी पुसून पुढच्या लग्नात वापरली होती.

"माह्या हातानं मेली हो डिस्क," ती रडत म्हणाली. "काही तरी हललं असन माह्याकडून. तुमाले विचाराले पायजे होतं. माफ करा मले."

तिसरी खाच. शेवटचा पोर्ट. मला ते पान डोळ्यांसमोर दिसलं, त्यावरचं दुकानदाराचं बोटसुद्धा. डिस्क मेलेली नव्हती, बोर्डाने तिचा पोर्ट बंद केला होता, आणि हे होणार हे वाचून मी तो बोर्ड घेतला होता.

"जाऊ दे, होते असं," मी म्हणालो. "तू चहा ठेव. मी पाहतो."

ती गेली. मी चिप तिसऱ्या खाचेतून काढून चौथीत बसवली. चौथीला तसली अट नव्हती, हेही मला त्याच पानावरून ठाऊक होतं. कॉम्प्युटर सुरू केला, डिस्क परत आली, काटोलचं लग्न जसंच्या तसं. एकूण दहा मिनिटं लागली. ती कप घेऊन आली तेव्हा नवरीचे वडील स्क्रीनवर खांबाला धरून रडत होते.

"झाली जिवंत?" तिने विचारलं.

"झाली."

"कशी?"

"केली दुरुस्त," मी म्हणालो, आणि चहा प्यालो.

पुढे दोनएक वर्षं ही गोष्ट ती सगळ्यांना सांगत राहिली. तिच्या बहिणीला, शेजारणीला, काटोलच्या त्या नवरीच्या आईलासुद्धा. "मी मारली होती डिस्क, यायनं वाचवली." लोक माझ्याकडे कौतुकाने पाहायचे. मी पायाकडे पाहायचो, आणि तो त्यांना माझा विनय वाटायचा. वाईट एवढंच नव्हतं. त्या दिवसापासून तिने कॅबिनेटला हात लावला नाही. पंख्यातली धूळ काढायची असली तरी मी लग्नाहून येईपर्यंत ती थांबायची. "तुम्हीच करा बापा." मशीन खोलून पुन्हा जोडणारी बाई एका केबलला घाबरायला लागली होती. घरात बाकी सुख होतं. कामं वाढली, तिच्या फिल्म लोकांना आवडायला लागल्या, लेन्सही उत्तम चालली. त्या लेन्सने काढलेला प्रत्येक चेहरा ती "किती सुंदर आला" म्हणायची, आणि मला दर वेळी आत काहीतरी टोचायचं.

मागच्या तुळशीच्या लग्नानंतर, आमचा सीझन नुकताच सुरू होत होता तेव्हा, कळमेश्वरहून एक बाई आली. तिच्या नणंदेच्या लग्नाचं शूटिंग आम्ही केलं होतं. नवरा तिथल्या कारखान्यात कामाला. तिला घरी बसून एडिटिंगचं काम सुरू करायचं होतं. सकाळच्या बसने आली होती, वही घेऊन. बायकोने तिला पोहे दिले, टेबलाजवळ बसवलं, फिल्म कशी कापायची ते दाखवलं. मी बाजूला लेन्स पुसत बसलो होतो.

"अन् ताई, कॉम्प्युटर कोणता घेऊ?" तिने वही उघडून विचारलं. "दुकानवाला म्हणते, बोर्ड महागाचा घ्या. माह्या घरचे म्हणते, स्वस्ताचा घे. मले तर समजूनच नाही राहिलं."

"ते मले नोको विचारू," बायको म्हणाली. "यायले विचार. मले त्यातलं समजत नाही. मी एक डाव हात लावला अन् अख्खी डिस्क मारली होती. काटोलवाल्यायचं लग्न होतं त्याच्यात. हे होते म्हणून वाचलं."

त्या बाईने पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडून असं झालं? मंग मी नाहीच करत ताई हे. माह्यानं तर घरच जळून जाईन."

"तसंच असते वं. एक माणूस पायजे पाठीशी," बायको म्हणाली, आणि त्या बाईने वही मिटली.

वही मिटण्याचा आवाज असा काही होत नाही. पण मी लेन्स खाली ठेवली. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्या खोट्याचं ओझं मी एकटा वाहतोय. ते माझी बायको वाहत होती, आणि आता ती नकळत ते कळमेश्वरच्या बसमध्ये चढवून देत होती. मनात आलं, ही बाई गेल्यावर सांगू. पण दरवेळी चार लोकांत माझं कौतुक झालं होतं. मग हे एकांतात सांगून चालणार नव्हतं.

मी स्टूल घेतलं, कपाटावरचा खोका काढला. धुळीने दोघीही शिंकल्या. पुस्तकातून पत्रिका निघाली. ती बायकोच्या मांडीवर ठेवली आणि ते पान उघडून त्यावर बोट ठेवलं, दुकानदाराने ठेवलं होतं तसंच.

"वाच," मी म्हणालो.

ती वाचायला लागली. इंग्रजी हळू वाचते, पण काही सोडत नाही. एकदा वाचून तिने पुन्हा वाचलं. मग पत्रिका उलटी करून आपलं माप पाहिलं.

"तिसऱ्या खाचेतच बसवली होती मी," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे डिस्क मेलीच नव्हती?"

"नाही. अन् हे पान मी दुकानातच वाचलं होतं. तुहा बोर्डही होता तिथी. त्याच्याहून स्वस्त एक होता, तुह्या मापाचा. मी लेन्ससाठी हा घेतला."

कळमेश्वरची बाई उठायला लागली. "ताई, मी येते मंग, बस…"

"बस वं तू," बायको म्हणाली. "इतके दिवस माही गोष्ट ऐकाले लोक होते, आता यायची ऐकाले नोको का कोणी?" मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "मी तिथी खाली बसून रडून राहिली होती. अन् तुम्ही चहा पेले."

"हो."

"अद्रक टाकून केला होता मी तो."

"आठवते मले."

तिने पत्रिकेची घडी सरळ केली, नखाने दाबून, कापडाची दुमड दाबतात तशी. मग एकदम तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "अन् मी अख्ख्या काटोलात सांगतलं, माह्या नवऱ्याच्या हाताले काय यश आहे म्हणून! काय हो तुम्ही…" मग त्या बाईच्या मांडीवरची वही तिने उघडली, पेन तिच्या हातात दिलं. "लिही. पाठ किती पायजे ते आधी मोजाचं. किंमत मंग पाहाची." आणि मला म्हणाली, "पुस्तक दाखवलं, बरं केलं. पण मी तेव्हा तोंडानं बोलली होती. तुम्ही काय पानावर बोट ठेवून सुटता का? माफी आता कोण मागीन, ही लेन्स?"

कळमेश्वरच्या बाईने तोंडाला पदर लावला. मी स्टूल बाजूला सरकवलं आणि खाली फरशीवर बसलो, जिथे ती त्या दुपारी बसली होती.

"तुह्या हातानं काहीच बिघडलं नव्हतं," मी म्हणालो. "माप तुहं बरोबर होतं. मी खोटं बोललो, अन् वरून तुही माफी घेतली. ती घ्यायचा हक्क माहा नव्हता. तुले वापस करतो. मले माफ कर."